नवी पेठेतली आडवी पालखी

सन एकोणतीसच्या श्रावणात चनमल्लस्वामींची पालखी नवी पेठेत दोन दुकानांच्या मधे अडकली आणि पाऊण तास अडकून राहिली. पण असं काही झालेलंच नाही. ईरप्पानं तसं स्पष्ट सांगितलंय, आणि तो स्वामींचा शिष्य असल्यानं खोटं बोलत नाही. तेव्हा झालेलं नाही, हे धरूनच पुढचं ऐका.

ईरप्पा वीस वर्षांचा. दिवसभर गिरणीत मागावर, उरलेला वेळ मठात. बाप गेल्यावर स्वामींनीच त्याला अक्षरं शिकवली, दीक्षा दिली. त्यामुळे स्वामी बोलले की तो मान हलवी. नाही बोलले तरी हलवी.

शेजारच्या मागावरचा, दुसऱ्या मठाचा श्रीमंत नावाचा गडी एकदा म्हणाला, "आमच्या स्वामींची पालखी आडवी निघती. तुमच्यांची सरळच, न्हवं?"

लिंगायतांत आडव्या पालखीचा मान मोठा. दांडा रस्त्याला आडवा, भोई एका अंगानं चालणार, आणि अख्खा रस्ता गुरूचा. ईरप्पानं गिरणीतल्या सगळ्या खात्यासमोर सांगून टाकलं, "सोमवारी आमचं स्वामी पेठेतनं आडवं जातील. न्हाय गेले तर मी मठाची पायरी चढणार न्हाय."

स्वामींना कळलं तेव्हा ते म्हणाले, "मला चालता येतं की रे."

"ते कुणालाबी येतं, अप्पा."

ईरप्पानं पेठ मापली. पालखीही मापली, म्हणजे गुरू बसतात तेवढी. दांडा त्यानं मापला नाही. गुरूच्या मापात लाकूड कशाला धरायचं?

सोमवारी सकाळी शिंग वाजलं. भोई खेकड्यासारखे निघाले. ईरप्पा पुढं, छाती अशी की सदऱ्याची वरची दोन बटणं लावताच आली नव्हती. टांगे मागं सरले. रेवणप्पाच्या कापडदुकानापाशी दांड्याचं एक टोक धोतरांच्या चळतीत शिरलं, दुसरं समोरच्या सराफाच्या फळीला टेकलं, आणि पालखी थांबली.

"ईरप्पा," रेवणप्पा गादीवरून म्हणाला, "तुझा दांडा माझ्या दुकानात हाय."

"पुण्य हाय तुमचं."

"पुण्य असू दे. गिऱ्हाईक भाईर उभं हाय."

दांडा कापावा असं एक सुतार म्हणाला. दुकान कापावं असं ईरप्पा म्हणाला. भोई म्हणाले, थोडं मागं सरून पालखी सरळ करू, म्हंजे निघंल. गर्दीतून श्रीमंत म्हणाला, "करा की सरळ. आमी काय बघत न्हाय." आणि नीट बघत उभा राहिला.

स्वामींनी पडदा सारला. "का थांबलो?"

"दर्शनासाठी, अप्पा."

लोकांनी हे ऐकलं आणि खरंच रांग लावली. पाऊण तास स्वामी हात वर करून आशीर्वाद देत राहिले. वय सत्तर, ऊन डोक्यावर. मठात जाऊन लिंगपूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा थेंब घेत नसत. ईरप्पाला त्यांचे ओठ वाळलेले दिसले. छातीतली हवा तिथंच गेली.

तो पालखीला लागून हळूच म्हणाला, "अप्पा, सरळ करायला सांगतो. माझं मी बघीन."

"काय बघशील?"

"पायरी सोडीन."

स्वामी म्हणाले, "आडवं कोण जाणार होतं? मी का दांडा?"

"तुमी."

"मग करा सरळ."

भोयांनी पालखी वळवली. आत स्वामींनी मांडी सोडली, अंग कसं तरी वळवलं, गुडघे बाहेर काढले आणि रस्त्याला आडवे बसले. तोंड रेवणप्पाच्या दुकानाकडं, पाठ सराफाकडं. पालखी सरळ, गुरू आडवा, अशी ती सबंध पेठेतून गेली. डाव्या बाजूच्या दुकानांना मुखदर्शन झालं, उजवीकडच्यांनी पाठीला हात जोडले. म्हातारे गुडघे दर पावलाला हेलकावत होते, आणि ईरप्पा ते दोन्ही हातांनी धरून चालत होता.

श्रीमंतानं डोकं खाजवलं. "असं आमच्या स्वामींनासुदीक जमलं न्हाय," तो म्हणाला.

"जमायचं बी न्हाय," ईरप्पा म्हणाला. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

मठात पूजा झाली, स्वामींनी पाणी घेतलं. मगच ईरप्पा अर्ज लिहायला बसला, स्वामींनीच शिकवलेल्या अक्षरात:

"मे. अध्यक्षसाहेब, नगरपालिका, सोलापूर यांचे सेवेशी. अर्जदार ईरप्पा, शिष्य, सविनय विनंती करतो की, नवी पेठेतील उभय बाजूंच्या दुकानांना पुढील श्रावणापूर्वी एकेक हात मागे सरण्याची लेखी समज द्यावी. दुकानांस ते न जमल्यास पेठेस रुंद होण्याचा हुकूम व्हावा. काम एका दिवसात होण्याजोगे आहे. स्वामी सत्तर वर्षांचे आहेत. कळावे."