चाळिसाव्या पानावरची गोगलगाय

त्या रविवारीही आईने गरम पाण्याचा थर्मास काखोटीला मारला, 'माते' नावाचा कडू चहा प्यायचा वाळका भोपळा हातात घेतला आणि आम्ही त्रिस्तान नार्वाहा रस्त्यावरच्या बाजारात गेलो. अनिबालच्या जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावर वाचलेलं पुस्तक द्यायचं, दुसरं घ्यायचं. आईला काहीही चालायचं. घोडे आणि बंदुकांच्या कादंबऱ्या, नर्सांची प्रेमप्रकरणं, मधमाश्या पाळण्याची माहिती, एकदा तर कव्हर गेलेलं जाडजूड तत्त्वज्ञानही. पायाने शिलाई मशीन चालायचं आणि मांडीवर पुस्तक उघडं असायचं.

वाचलेलंच पुन्हा घरी येऊ नये म्हणून तिथली नेहमीची मंडळी ठरलेल्या पानावर आपापली खूण करून ठेवत. आईची खूण म्हणजे चाळिसाव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीची गोगलगाय.

आई चाळिसावं पान उघडून बघत होती. एक पुस्तक तिने परत ठेवलं, दुसरं पिशवीत टाकलं.

"नेलिदाबाई, त्यात तुमची गोगलगाय आधीच बसलीय की!" अनिबाल म्हणाला. "हल्ली दर रविवारी हेच. मला काय, नवा माल आणायचे कष्ट वाचले."

"बसू दे. भाडं थोडंच मागतेय ती?"

"आई, वाचलेलं विसरायला लागलीस का गं?" मी म्हणाले. "आणि न्यायचंच तर काही बरं तरी ने. तोच शेरीफ, तीच नर्स."

"बरं वाचायला तू आहेस की साहित्याची मास्तरीण." ती हसली. मग पुस्तकावर बोट आपटत म्हणाली, "हा शेरीफ नदी ओलांडून सुटतो आणि परत उलटा फिरतो. मरायलाच ना? तुला काय वाटतं?"

"मला काय माहीत?"

मला माहीत होतं. शाळेत असल्यापासून, ती दुपारची झोपली की मी तिची पुस्तकं वाचत आले होते. वाचून झालं की गोगलगायीमागे एक ठिपका देत असे, दिसेल न दिसेल असा. पुढे वर्गात मी असल्या पुस्तकांना नाकं मुरडू लागले, आणि मग सांगायचं राहूनच गेलं.

मंगळवारी दुपारी आई खुर्चीतच झोपली, ती उठली नाही.

घर आवरून झाल्यावर एका रविवारी मी तिची पिशवी ठेल्यावर नेली. अनिबालने टोपी काढली.

"राहू देत की तुमच्याकडे, प्रोफेसर."

"नको. इथं कुणीतरी वाचेल तरी."

द्यायच्या आधी गोगलगाय एकदा बघावी म्हणून मी वरचं पुस्तक उघडलं. तिच्यामागे माझा ठिपका होता. पण त्याला आता पाठीवर शंख आणि पुढे दोन शिंगं होती. मोठीच्या मागून एक छोटी गोगलगाय निघाली होती. दुसऱ्या पुस्तकातही तेच. पिशवीतल्या प्रत्येक पुस्तकात तेच. ठिपका नसलेलं एकही पुस्तक तिने दुसऱ्यांदा घरी आणलं नव्हतं.

"काय झालं?" अनिबालने विचारलं.

शेरीफचं पुस्तक माझ्या हातात होतं. भर बाजारात मी मोठ्याने म्हणाले, "वाचलंय मी हे, आई. सगळी वाचलीत. आणि मरायला नाही गं फिरत तो. त्याचा म्हातारा घोडा अलीकडच्या काठावर राहिलेला असतो."