लायक माणूस

"मारा भाऊजी," मेव्हणा हळूच म्हणाला आणि त्याने दोन्ही हात खाली टाकले.

भट्टीवाल्याने ते ऐकलं, पाहिलंही. पण उगारलेली मूठ काही थांबली नाही. जबडा कडकन वाजला. बायकोचा धाकटा भाऊ, ज्याला त्यानेच शब्द टाकून या कारखान्यात चिकटवलं होतं, तो राखेच्या ढिगावर आडवा झाला. तोंडातून रक्ताची धार लागली.

ओतकामाची मागणी घटली होती. भट्टीवरच्या सोळा जणांतले आठच ठेवायचे होते. नवे साहेब म्हणजे मालकांचे जावई, शिकलेसवरलेले. सकाळी त्यांनी सगळ्यांना आवारात उभं केलं आणि एक जाडजूड पुस्तक दाखवून समजावलं की जो लायक तोच टिकतो, दुबळे गळून पडतात, हा निसर्गाचाच कायदा आहे. आपण नुसती त्याला वाट करून द्यायची. मग चिठ्ठ्या काढून झुंजीच्या जोड्या लावल्या: जिंकेल तो कामावर, पडेल तो घरी. कुणी निघून गेलं नाही. बहुतेकांच्या घरी खाणारी तोंडं होती.

भट्टीवाल्याच्या वाट्याला नेमका मेव्हणा आला. दोघांनी आधी वरवरच्या चापट्या मारल्या, तेव्हा साहेबांनी बजावलं, की लुटुपुटीची लढाई केलीत तर दोघेही घरी. मेव्हणा एकटा जीव. भट्टीवाल्याच्या पदरी दोन पोरी. मेव्हण्याने हिशेब केला तो एवढाच.

साहेब जवळ आले. बैल पारखावा तसा त्यांनी भट्टीवाल्याचा दंड चाचपला आणि इतरांना म्हणाले, "चांगलं रक्त असं ओळखू येतं."

"साहेब, त्यानं हात खाली टाकले होते. माझ्या पोरींसाठी. हे तुमच्या पुस्तकात कुठं लिहिलंय?"

"म्हणूनच तर तो पडलाय," साहेब हसून म्हणाले.

भट्टीवाल्याने त्या हसण्यावरच ठोसा हाणला. चष्म्याची काच साहेबांच्या गालात रुतली. पहारेकरी सळया घेऊन धावले. त्यांनी आधी त्याचे गुडघे फोडले, मग दोन्ही पंजे फरशीवर दाबून धरले आणि बोटं ठेचली. कामावर राहिलेल्यांपैकी एकही पुढे आला नाही. गळालेल्यांपैकी तिघे आले. त्यांचीही डोकी फुटली.

सोबत्यांनी दोघांना उचलून घरी आणेपर्यंत बायकोच्या कानावर सगळं गेलं होतं. तिने भावाचा जबडा फडक्याने बांधला, नवऱ्याच्या हातांना पट्ट्या गुंडाळल्या, दोघांच्या मध्ये कढणाचं भांडं ठेवलं आणि पोरींना घेऊन ती ओट्यावर जाऊन बसली.

भट्टीवाला भांड्याकडे बघत राहिला. धरायला हात नव्हते, आणि तिला हाक मारायचा धीर होत नव्हता.

मेव्हण्याला बोलता येत नव्हतं. तो सरकत जवळ आला, बोट बुडवून कढण निवाल्याची खात्री केली आणि भांडं उचलून भाऊजींच्या ओठांना लावलं.