मोर कसा दिसला

मोर पाठीमागून नाडीनं बांधला, की आतल्या माणसाला आपलं आपण बाहेर पडता येत नसे. दोन्ही हात पिसारा उघडायच्या मुठींना पट्ट्यांनी आवळलेले, खांद्यावर बांबू आणि ॲल्युमिनियमचा सांगाडा, चहूबाजूंनी निळं कापड. परशराम अकरा वर्षं त्या मोरात शिरत होता. आत अडकलोय असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आज वाटत होतं.

त्याची बायको मंगल जाऊन बावीस दिवस झाले होते.

निपाणीचा झगमग ब्रास बँड पूर्वी वरातीत वाजवायचा. आता तिकीट लावून स्टेजवर वाजवतो. लोक ऐकायला कमी आणि बघायला जास्त येतात. कोटांवर दिवे, आतून उजळणारे ढोल, ट्रम्पेटच्या तोंडातून ठिणग्या, आणि या सगळ्यांवर पंधरा फुटी पिसाऱ्याचा मोर. पोस्टरवरही मोरच असतो.

तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी मारुतीराव मालक बोरगावला घरी आले.

"दुसऱ्या कुणाला तरी घाला, मालक," परशराम म्हणाला.

"कुणाला घालू? दोघांना घालून बघितलं. उंच माणसाचे पाय दिसत्यात, बुटक्याची चोच जमिनीला लागती. तुझ्याच मापानं शिवलाय तिनं."

ते खरं होतं. मंगलनं कापड त्याच्या अंगावर धरून, टाचण्या लावून शिवलं होतं. तो पुढं काही बोलला नाही. मालकांनी ते होकार म्हणून घेतलं.

आतून दिसतं ते पायाखालचं हातभर स्टेज. म्हणून मोराच्या मागं एक माणूस लागतो, लोकांना दिसू नये म्हणून काळ्या कपड्यातला. ते काम मंगलचं. काळी साडी, डोक्याला काळा रुमाल. गेल्या बावीस दिवसांत परशरामनं मोबाईलवरचे सगळे जुने व्हिडिओ बघून काढले. एकाही व्हिडिओत ती नव्हती. मोराच्या मागं नुसता अंधार होता.

तिच्या जागी आता समाधान होता, बँडचा लाईटवाला. दोघांनी तीन दिवस शेडमध्ये सराव केला. समाधान मागून सांगायचा, "डावीकडं अण्णा. आता थांबा." ठीक चाललं. पण या बँडात वाजवणाऱ्यांचा सराव वेगळा आणि मोराचा वेगळा, ही जुनी पद्धत. तीस माणसं एकदम वाजवायला लागली की मागच्याचं ओरडणं आत पोचतं का, हे कुणी बघितलंच नाही.

परशरामला ठाऊक होतं. पोचत नाही. मंगल कधी ओरडलीच नव्हती. ती कापडावरून त्याच्या पाठीवर थापटायची. एक थाप म्हणजे डावीकडं, दोन म्हणजे उजवीकडं, पंजा दाबून धरला की थांब. हे त्यानं बँडात कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोच्या थापेवर चालतोय म्हटल्यावर पोरांनी वर्षभर टर उडवली असती. आणि आता सांगायचं, तर पाठीवरची ती जागा दुसऱ्याला द्यायची. पावलं पाठ आहेत, निभेल, असं म्हणून तो गप्प राहिला.

कार्यक्रम पिरनवाडीजवळच्या मैदानात होता. दिवस मावळला, दिवे लागले, ढोल सुरू झाले आणि मोर स्टेजवर गेला.

नवव्या पावलाला पायाखाली वायर आली. अंग फिरलं. किती फिरलं ते कळेना. आवाज चारी बाजूंनी येत होता, त्यामुळं पुढं कुठं आणि मागं कुठं याचा पत्ता नाही. पायाखाली एक फळी दिसत होती. फळीच्या पुढं काही दिसत नव्हतं. स्टेज छातीएवढं उंच होतं.

तो थांबला. घाम डोळ्यांत उतरला. पुसायला हात मोकळा नव्हता. समाधान ओरडत असणार, पण इथं ढोलाशिवाय काही नव्हतं. मग ढोलांचा आवाज जरा पडला आणि खालून शिट्ट्या आल्या.

"मोरा, नाच की रं!"

"मोर न्हाय, लांडोर हाय ती! अंड्यावर बसलीया!"

मैदान हसलं. कुणीतरी सांगाडा गच्च धरला आणि त्याला मागं मागं ओढत पडद्याआड नेलं.

"सोडा मला, मालक," परशराम आतून म्हणाला.

"आत्ता सोडला तर परत बांधायला अर्धा तास लागतोय. शेवटचं गाणं पंधरा मिनिटांवर हाय." मारुतीराव म्हणाले. "मोर दाखवल्याबिगर लोक घरला जाऊ देतील व्हय आपल्याला?" आणि ते परत स्टेजकडं पळाले.

समाधान तिथंच दम खात उभा होता. "अण्णा, घसा फुटंस्तवर वरडलो की मी. तुमचा एक पाय बाहेर गेलता. पडला असता तर मी काय करणार हुतो?"

"ऐकू येत न्हाय आत."

"मग वयनी कशा सांगायच्या?"

कापडाला अजून मंगलच्या खोबरेल तेलाचा वास होता. स्टेजवरचं एक गाणं संपलं आणि दुसरं सुरू झालं.

"पाठीवर हात ठेव," तो म्हणाला.

"आं?"

"हात ठेव म्हणतोय. तिथं न्हाय. खाली. दोन खांद्यांच्या मधी."

समाधानचा पंजा पडला. रुंद, जड.

"आता एक थाप. एक म्हंजे डावीकडं."

टेम्पो मागं घेताना फळीवर मारतात तशी थाप बसली.

"हळू रं. टेम्पो न्हाय मी."

"चुकलं अण्णा."

दोन थापा उजवीकडं. दाबला की थांब. चारदा करून घेतलं. पाचव्यांदा ते जमलं.

शेवटच्या गाण्याला मोर परत गेला. एक थाप. दोन थापा. पंजा दाबला. परशराम थांबला आणि त्यानं मुठीची दोरी ओढली. डोक्यावर सांगाडा करकरला, पिसारा उघडला आणि सगळं मैदान एका दमात "हाऽऽ" म्हणालं. ते मात्र आत ऐकू आलं.

पडद्याआड समाधान नाडी सोडायला बसला. मंगल नाडीला हात लावायच्या आधी मोर कसा दिसला ते सांगायची. "आज लई नटलाता बघा. पुढच्या रांगेतली एक बाई कडेवरचं पोर खाली ठिवून हुबी ऱ्हायली." चिकोडीच्या कार्यक्रमानंतर म्हणाली होती, "उजवीकडचे चार दिवे लागले न्हाईत. पर तेच बरं दिसत हुतं."

"कसा दिसला रं?" परशरामनं विचारलं.

"काय?"

"मोर."

"मला कुठला दिसतोय अण्णा? माझी नजर तुमच्या पायावर. वर बघितलं तर बांबू आन वायरी. दिवे सगळे पुढच्या अंगाला."

"जरा बी दिसत न्हाय?"

"मागं हुबं ऱ्हाऊन कुणालाच दिसायचा न्हाय." समाधाननं शेवटची गाठ काढली. "निघा आता."

कापड मागून उघडं झालं. थंड हवा पाठीला लागली. मंगलही इथंच, मागं उभी असायची. परशरामच्या डोक्यात चिकोडीचे ते चार दिवे होते. उजवीकडचे. न लागलेले.

"अण्णा, निघा की. सुटलंय सगळं."

"व्हय," तो म्हणाला, आणि आतच उभा राहिला.