जवसाचा निम्मा वाटा

जवसात लिग्नन नावाचा पदार्थ असतो. आतड्यातले जंतू त्याचं दुसरंच काहीतरी बनवतात आणि ते लघवीत उतरतं. त्याने रक्तदाब कमी होतो का, हे तपासणं माझं काम. निम्म्या लोकांना जवसाची पूड द्यायची, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण बिनलिग्ननची. कोणाला काय मिळालं हे त्यांनाही ठाऊक नसतं आणि मलाही नाही. माणसं कमी पडत होती, म्हणून मी मावशी आणि काकांना गळ घातली. आणखी कुणी सोडून गेलं तर अभ्यासच गुंडाळावा लागेल, हेही दोघांना बजावलं. आपण कुणाला बजावतो आहोत याचा विचार मात्र केला नाही.

लघवीच्या तपासणीचे आकडे आले. काहींचे भरपूर, काहींचे नावापुरते. दोनच नमुने अगदी मधोमध, जुळ्या भावंडांसारखे. माझ्या मार्गदर्शक सरांनी नावं बघितली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

मी तडक मावशीकडे गेले. ओट्यावर एकच मोठा डबा, त्यात एकच चमचा. मी दिलेल्या पुडीच्या दोन्ही बाटल्या धुऊन खिडकीत पालथ्या घातलेल्या.

"मावशी, पूड एकत्र केलीस?"

"मग काय करू? एकाला खरी, एकाला खोटी असेल, असं तूच म्हणालीस. या घरात बिस्किटसुद्धा मोडून निम्मं होतं."

"आणि मोठा तुकडा कुणाकडे जातो ते विचार तिला," काका पेपराआडून म्हणाले.

मला हसूही येत होतं आणि रडूही. सगळं काम पाण्यात जायची वेळ आली होती. सरांच्या हातापाया पडून मी दोघांना नव्याने सुरुवात करू द्यायची परवानगी मिळवली आणि नव्या बाटल्या घेऊन पुन्हा गेले.

"आता ज्याची त्याने घ्यायची. शपथ घे."

मावशीने दोन्ही बाटल्या हातात घेतल्या. "माझ्यात खरी निघाली आणि यांचा रक्तदाब तसाच राहिला तर?"

"तर पूड लागू पडते हे कळेल."

"आणि यांचं काय?"

तिने दोन्ही बाटल्या माझ्या पिशवीत परत ठेवल्या. "रागावू नकोस गं. तुझं नुकसान होतंय, कळतंय मला. पण एकटीने धडधाकट राहून मी बोलू कुणाशी?"

"नाहीतरी माझं तू ऐकतेस कुठे?" काका म्हणाले.

"ऐकत नाही म्हणून काय झालं? बोलणारं माणूस घरात नको?"