कर्ता अज्ञात

पुस्तक हातात आलं तेव्हा गोपिकाबाईंनी आधी आपला फोटो शोधला. खोटं कशाला बोला, कुणीही तेच करतो. फोटो होता, चांगला मोठा. खाली छापलं होतं, ‘लोकपरंपरेच्या ज्येष्ठ वाहक’. वाहक हा शब्द त्यांना आजवर फक्त एसटीत भेटला होता, पण मान आहे म्हणताहेत तर असेल, असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

मग त्यांनी अनुक्रमणिका वाचली आणि चहा तसाच निवला. एकतीस गाणी. एकतीसच्या एकतीस त्यांना पाठ होती, कारण ती त्यांनीच ऑर्केस्ट्रात, हळदीत, वरातीत आणि कॅसेटवर गायली होती. आणि प्रत्येक गाण्याखाली बारीक अक्षरात तेच ते शब्द होते : पारंपरिक. कर्ता अज्ञात.

“अज्ञात?” रिकाम्या स्वयंपाकघरात त्या ओरडल्या. “प्रताप नगरात राहते ना तो मानूस! रोज सकाळी दूध आणाले जाते!”

तो माणूस म्हणजे चंपतराव भोयर. मूळचे भिवापूरचे, पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त, वय एकोणऐंशी. सरकारी कागदांच्या कोऱ्या पाठीवर या गृहस्थानं पंचेचाळीस वर्षांत चौदाशेच्या वर गाणी लिहिली. ऑर्केस्ट्राच्या जमान्यात अशी लिहिली की लग्नाचे पाहुणे जेवणाची पंगत सोडून नाचायला उठायचे. कॅसेटी आल्या तेव्हा हळदीची लिहिली, गणपती मंडळांसाठी लिहिली, एकाच वॉर्डातल्या दोन्ही उमेदवारांच्या प्रचाराची लिहिली, आणि दोघांनाही वाटलं की आपलंच जास्त जमलंय. आज ती गाणी डीजेवर वाजतात, पोरी त्यांच्यावर रील करतात. शिकलेली मंडळी त्यांना बाजारू म्हणायची. होती बाजारू, मग? बाजारात माणसंच असतात. जरीपटक्याच्या बाजारात भर गर्दीत लाउडस्पीकरवर गाणं लागलं आणि भाजी निवडणाऱ्या बाईचा हात थांबला, तर त्याहून मोठा समीक्षक कुठून आणायचा?

गोपिकाबाईंना तर ती गाणी बघून वर्ष सांगता यायचं. ऐंशीच्या दशकातला चंपतराव खोडकर, यमकासाठी कुणाच्याही सासूची खोडी काढणारा. नव्वदच्या दशकातला हळवा. त्यानंतरचा तिखट. आणि बायको गेल्यापासूनचा, चार शब्दांत गाणं संपवून गप्प बसणारा. एक अख्खा माणूस त्या चौदाशे गाण्यांत म्हातारा झाला होता. आणि त्याला म्हणे अज्ञात!

गडबड केली होती ती जुन्या कॅसेट कंपनीनं. वेष्टनावर ‘पारंपरिक’ छापलं की कुणाची सही घ्यावी लागत नाही. लोकगीतांचे अभ्यासक डॉ. कृष्णकांत देवपुजारींनी त्या कॅसेटी ऐकल्या, गाणी उतरवली आणि पुस्तक केलं. आता रविवारी प्रकाशन होतं, आणि परंपरेच्या वाहक म्हणून गोपिकाबाईंनी तिथं गायचं होतं.

त्या तडक प्रताप नगरला गेल्या. चंपतराव व्हरांड्यात तेच पुस्तक वाचत बसले होते.

“बरं छापलं,” ते म्हणाले. “शुद्धलेखनाची एक चूक नाही.”

“अन् नाव? नाव कुठी आहे तुमचं?”

“काहून एवढी तापून राहिली वं? लोकायले वाटते, हे गाणं आपल्या आजीचंच आहे. याच्याहून जास्त काय पाहिजे लिहिनाऱ्याले?”

“चंपतभाऊ, तुम्ही जित्ते आहा!”

“आहो ना. म्हनून त आयकाले भेटून राहिलं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “जाऊ दे. मले या वयात भांडन नको. रविवारी मी येतो, मांगं बसतो. तू मस्त गा.”

“गाईन,” गोपिकाबाई म्हणाल्या. “पन माया मतानं.”

रस्ताभर त्या स्वतःशी बडबडत होत्या. या माणसानं आपलं नाव सोडून दिलं असेल, पण त्याच्या शब्दांवर गोपिकाबाईंचं अख्खं आयुष्य उभं होतं. ते सोडून द्यायचा अधिकार एकट्या चंपतरावांना कुणी दिला?

रविवारी सकाळी सभागृह भरलं. देवपुजारी सर माणूस वाईट नव्हते. टेपरेकॉर्डर घेऊन तीस वर्षं खेडोपाडी हिंडलेले, तळमळीचे. बिघडलं होतं ते एवढंच की त्यांना सगळं माहीत होतं. हळदीचं गाणं त्यांनी वाचून दाखवलं :

पोरीच्या हाती हळद लागली,
रातभर माय दारात जागली,
थांब वं...

“ही तिसरी, अर्धी ओळ पाहा,” सर म्हणाले. “प्रत्येक कडव्यात ती येते. जात्याच्या खुंट्यावर हात बदलताना बाई क्षणभर थांबायची. तो थांबा या गाण्यात शिल्लक राहिला आहे. माझ्या मते हे गाणं किमान तीनशे वर्षं जुनं असावं.”

टाळ्या झाल्या. गोपिकाबाई माइकपाशी आल्या.

“सर, तीनशे नाही. चौतीस.”

सभागृहात कुणीतरी हसलं.

“रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी होतं अन् मले सातवा महिना. दोन ओळीच्या वर दम पुरे नाही. चंपतभाऊ भोयरनं मले इचारलं, तुया दम कुठी तुटते? मी गाऊन दाखवलं. त्यायनं तिथी ‘थांब वं’ टाकलं, मले श्वास घेता यावा म्हनून. जातं-बितं काही नव्हतं सर. पोटात हे होती.”

आणि त्यांनी तिसऱ्या रांगेतल्या आपल्या लेकीकडे, खुशीकडे, बोट दाखवलं. चौतीस वर्षांच्या खुशीला खुर्चीखाली जावंसं वाटलं. लोक मात्र पोट धरून हसत होते.

“एकच नाही, सारे एकतीस त्यायचेच आहेत,” गोपिकाबाई म्हणाल्या, आणि आता त्या हसत नव्हत्या. “ते मांगं बसले आहेत. नाव लिहिल्याबिगर मी आज तोंड उघडत नाही.”

“पुढच्या आवृत्तीत नक्की विचार करू,” सर नम्रपणे म्हणाले. “आपण एक लेखी अर्ज द्या.”

“अज्ञात लिहाले तुम्ही कोनाले अर्ज मागतला होता का? पेन आहे तुमच्या खिशात. पुस्तक हे घ्या. लिहा.”

सर आयोजकांकडे बघू लागले, आयोजक पंख्याकडे. तेवढ्यात मागून कुणीतरी टाळीचा ठेका धरला. दुसऱ्यानं उचलला. मग अख्खं सभागृह टाळीवर आलं, आणि गोपिकाबाई तोंड मिटून, हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या. सरांनी पेन काढलं.

ते एकेका पानावर ‘कर्ता अज्ञात’ खोडायचे आणि नाव लिहायचे. लिहून झालं की गोपिकाबाई त्या गाण्याचं एक कडवं म्हणायच्या. “साल ब्याऐंशी. शब्द, चंपतराव भोयर.” “साल चौऱ्याण्णव. शब्द, चंपतराव भोयर.” कडवं त्या सुरू करायच्या आणि पूर्ण लोक करायचे. त्यांचा आवाज आता चिरकत होता, वरचा सूर लागत नव्हता, आणि त्याची त्यांना काडीची पर्वा नव्हती.

असं करत पंचविसावं गाणं आलं. सरांनी पेन टेकवलं.

“ते मायं नाही.”

चंपतराव उभे राहिले होते. सगळ्या माना मागं वळल्या. गोपिकाबाई तर पाहतच राहिल्या. हे गाणं त्यांनी तीस वर्षं चंपतरावांचं म्हणूनच गायलं होतं.

“म्हणजे हे पारंपरिकच,” सर सुटकेच्या सुरात म्हणाले.

“नाही.” चंपतराव खुर्च्यांना धरत धरत पुढं आले. “माया मायचं आहे. भिवापूरले दुसऱ्याच्या वावरात मिरच्या तोडे, तवा म्हने. तिनंच रचलं. मी कागदावर उतरवलं अन् गोपिकाले देल्लं. कोनाचं आहे ते सांगतलं नाही. कोनी इचारलं नाही, म्हनून म्याबी सांगतलं नाही.” ते मंचापाशी पोचले. “कंपनीनं मले केलं, तेच म्या मायले केलं.”

चंपतरावांनी मंचाच्या पायऱ्या चढून पुस्तकावर बोट ठेवलं. स्वतःच्या चोवीस गाण्यांच्या वेळी हा माणूस मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता.

“लिहा. पार्बताबाई भोयर, भिवापूर.”

सरांनी लिहिलं.

“मोठ्यानं वाचा.”

सरांनी माइक जवळ घेतला. “शब्द, पार्बताबाई भोयर.”

“अजून एक डाव,” चंपतराव म्हणाले. “तिले जिंदगीभर सारे चंपतची मायच म्हनत गेले.”