दुसरा ब्रेक

"पाय उचला," मी म्हटलं. "चटई झाडायची आहे."

ह्यांनी पाय उचलला आणि लगेच खाली दाबला. गल्लीतून एक पांढरी गाडी सुसाट गेली. खुर्चीत बसलेल्या माझ्या नवऱ्याचा उजवा पाय चटईवर रोवलेला, चवडा दाबलेला, मान पुढे. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा कुठे पाय सैल पडला.

"थांबली का?" मी विचारलं.

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा कसली? भोक पडलंय चटईला. ही तिसरी."

एकतीस वर्षं ह्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा गांगरला, की तो दुसरा ब्रेक दाबायचा. गाडी विकून सहा वर्षं झाली, पण पाय काही निवृत्त झाला नाही. व्हरांड्यात बसून हे गल्लीतल्या प्रत्येक गाडीला ब्रेक मारतात आणि एकही गाडी थांबत नाही. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे पुढे कीव यायला लागली.

आमची गल्ली सरळसोट, दोन्ही बाजूंना मिळून बावीस घरं, आणि शेवटी आमच्या घराजवळ वळण. सरळ रस्ता दिसला की माणसाला काय होतं कोण जाणे. जेमतेम तीनशे पावलांची गल्ली, पण वाघ मागे लागल्यासारख्या गाड्या हाकतात. कुणालाही विचारा, उत्तर एकच: "बाहेरचे लोक हो. शॉर्टकट म्हणून घुसतात." ह्यांनी आठवडाभर खुर्चीत बसून नुसतं पाहिलं, आणि एकदा जेवताना म्हणाले, "दहातल्या सात गाड्या आपल्याच गल्लीतल्या आहेत. आणि सातातल्या सहा जणांना मी शिकवलंय."

"मग शिकवलंत काय?" मी म्हटलं. बोलून गेले आणि जीभ चावली. हे त्या दिवशी अर्ध्या जेवणावरून उठले.

हे सगळं खरं तर अक्कांसाठी चाललं होतं. अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, टेलिफोनच्या ऑफिसात सगळं आयुष्य लोकांची बोलणी एकमेकांना जोडून देण्यात गेलं, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्वतःच्या कानांनी दगा दिला. गुडघे तर आधीच गेलेले. आमच्याकडे राहायला आल्यापासून त्यांचा दिवसातला एकच कार्यक्रम होता. दुपारी तीनला आमच्या बाजूने चार घरं चालत जायचं, तिथे रस्ता ओलांडायचा आणि पलीकडच्या शिवणबाईंकडे तासभर पत्ते खेळायचे. शिवणबाई एके काळी अख्ख्या गल्लीचे कपडे शिवायच्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून खिडकीजवळच्या पलंगावर असत. त्या येऊ शकत नव्हत्या, म्हणून अक्का जात.

रस्ता आठ पावलं रुंद. अक्कांना ओलांडायला एकोणीस सेकंद लागत. गल्लीच्या तोंडापासून तिथवर यायला गाडीला लागत सात. ह्यांनी घड्याळ लावून मोजलं होतं.

"एकोणीस आणि सात," हे मला म्हणाले. "या हिशोबात माणूस बसत नाही."

म्हणून हे रोज अक्कांचा दंड धरून त्यांना पलीकडे नेत आणि चारला परत आणत. अक्कांना ते मुळीच खपत नसे.

"मला पोचवायला नि आणायला येऊ नकोस," त्या ओरडून बोलत, कारण स्वतःचा आवाजही त्यांना ऐकू येत नसे. "मी काय पार्सल आहे? घरात तुझ्या बायकोच्या हातचं खाते, तुझ्या पैशाची औषधं घेते. हा एवढा रस्ताच माझा राहिलाय. तो तरी माझा मला चालू दे."

मला तेव्हा राग आला होता. एवढं करून वर ऐकायचं. पण आता वाटतं, त्यांनी मागून मागून मागितलं तरी काय?

मग ह्यांनी स्पीडब्रेकरचं मनावर घेतलं. अर्ज लिहिला आणि रविवारी सगळ्यांना आमच्या व्हरांड्यात बोलावलं. पहिली सही हेडमास्तरांनी ठोकली, वर मुलाबाळांच्या जिवावर दहा मिनिटं भाषण. पंप दुरुस्त करणारा पंपवाला आला, त्यानेही सही केली. नर्स आली. ह्यांच्याकडे शिकलेली ती सगळ्यात शेवटची, आणि ह्यांच्या मते सगळ्यात चांगली. वीस सह्या झाल्या, मी चहा दिला, आणि मग ह्यांनी विचारलं, "टाकायचा कुठे?"

इथे घोडं पेंड खायला लागलं.

हेडमास्तर म्हणाले, "माझ्या गेटसमोर नको. रात्रभर धाडधाड आवाज. मला झोपेचा त्रास आहे."

"माझ्या टेम्पोत दुरुस्त केलेले पंप असतात," पंपवाला म्हणाला. "दारातच दणका बसला तर केलं-सवरलं सगळं पाण्यात."

नर्स जरा ओशाळून म्हणाली, "सर, मी रात्रपाळी करून दिवसा झोपते. आमच्यासमोर सोडून कुठेही चालेल."

"मग आमच्या दारात टाका," हे म्हणाले. पण नगरपालिकेच्या ऑफिसातल्या क्लार्कने आधीच सांगितलं होतं की वळणाच्या जवळ टाकता येत नाही, तसा नियम आहे. वीस सह्यांचा अर्ज जागेचा रकाना कोरा ठेवून गेला आणि आठ दिवसांत परत आला. वर लाल शाईत लिहिलेलं: जागा नमूद करावी.

त्याच सुमाराला ती हाताची गोष्ट झाली. हे अक्कांना घेऊन रस्ता ओलांडत होते आणि पंपवाल्याचा टेम्पो भरधाव आला. ह्यांनी नकळत तळहात वर केला. टेम्पो करकचून जागच्या जागी उभा.

शिकवताना हे कधी ओरडत नसत. काचेसमोर नुसता तळहात धरायचे. तळहात दिसला की आधी ब्रेक, विचार नंतर. शिकणाऱ्याच्या अंगात हे इतकं मुरवायचे, की विचारू नका. पंपवाला खाली उतरून डोकं खाजवत म्हणाला, "सर, वीस वर्षं झाली. अजून तुमचा हात दिसला की पाय आपोआप जातो बघा."

त्या संध्याकाळी ह्यांचा चेहरा मी पुष्कळ दिवसांनी असा खुललेला पाहिला. "बघितलंस? शिकवलेलं वाया जात नाही." मी म्हटलं, "बरं बाई, हरले मी." मलाही बरं वाटलं होतं, खोटं का बोलू?

दुसऱ्या दिवसापासून अक्कांची शिकवणी सुरू. हात खांद्याच्या वर, कोपर ताठ, बोटं जुळलेली, तोंड गाडीकडे, आणि पलीकडे पोचेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. आठवडाभर हे दोन पावलं मागून चालले. हेडमास्तर थांबले, नर्स थांबली, एक अनोळखी गाडीही थांबली. मग ह्यांनी अक्कांना एकटीला सोडलं. पहिल्या दिवशी परत आल्या तर चेहऱ्यावर असा रुबाब, की आता रहदारीच्या पोलिसात भरती होतात की काय.

"सगळे थांबतात मला," त्या मला म्हणाल्या. "तू उगाच घाबरतेस."

असे एकोणीस दिवस गेले.

जागेचा प्रश्न शेवटी शिवणबाईंनी सोडवला. अक्कांकडून त्यांनी ऐकलं आणि निरोप धाडला, "माझ्या दारात टाका. माझी झोप तशीही उडालेलीच आहे." हे लगेच अर्ज घेऊन ऑफिसात निघाले. दुपारची वेळ. जाताना मला म्हणाले, "अक्काला फाटकातून बघ हं."

तीन वाजता अक्का निघाल्या. मी भाजी निवडत बसले होते. "येऊ का सोबत?" मी खुणेने विचारलं.

"बस तू," त्या म्हणाल्या. "भाजी निवड."

मी बसले. त्या चार घरं गेल्या, थांबल्या, वळल्या, हात वर केला आणि उतरल्या. एवढं पाहून मी मान खाली घातली, कारण मेथीत गवत फार होतं. मग टायर घासल्याचा आवाज झाला. तो मी ऐकला. अक्कांनी नाही.

मी पोचले तेव्हा नर्स रस्त्यावर गुडघे टेकून बसली होती आणि अक्कांचं डोकं तिने दोन्ही हातांत धरलं होतं. तिचा पांढरा गणवेश गुडघ्यापर्यंत भिजला होता. त्या दिवशी तिची पाळी तीनची होती आणि तिला उशीर झाला होता. मनात आलं, हिच्या झिंज्या धराव्यात. पण तिची बोटं अक्कांच्या मानेवर नाडी शोधत होती, पुन्हा पुन्हा, जागा बदलून बदलून. मला काही करता आलं नाही. खिडकीतून शिवणबाई एकच वाक्य म्हणत होत्या, "हात खाली घेतला नाही हो तिने. शेवटपर्यंत वर होता."

हे चारला आले. हातात अर्जाची शिक्का मारलेली प्रत होती. तोवर अक्कांना नेलं होतं, आणि नेण्यात काही अर्थ नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं. नर्स रस्त्याच्या कडेला बसून होती. ह्यांना बघून ती उभी राहिली.

"सर, मी हात बघितला," ती म्हणाली. "बघितल्याबरोबर ब्रेक मारला. आईशप्पथ, एक क्षण घालवला नाही."

हे रस्त्यावरच्या काळ्या खुणांकडे गेले. जिथून सुरू होत होत्या तिथून जिथे संपत होत्या तिथवर पावलं टाकत गेले, आणि परत आले.

"वेळेवरच मारलास," हे म्हणाले. "शिकवला तसाच. ताशी तीसच्या वेगात असतीस तर तिच्या अलीकडे चार पावलांवर गाडी उभी राहिली असती."

नर्स रडायला लागली. हे तिच्याकडे बघत राहिले आणि मग मला म्हणाले, "हात मीच शिकवला तिला. मला वाटलं, हात दाखवला की झालं."

मला त्यांना म्हणता आलं असतं, की मी भाजी निवडत बसले होते. ते मी अजून म्हटलेलं नाही.

मग सगळे आले. हेडमास्तर म्हणाले, "आम्हाला वाटलं, बाहेरची गाडी असेल." आणि गंमत बघा, आता प्रत्येक जण म्हणत होता, आमच्या दारात टाका, आमची काही हरकत नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

चौथ्या दिवशी ऑफिसातला क्लार्क स्वतः घरी आला. भला माणूस होता, पाणीसुद्धा घेतलं नाही. अर्जात एक रकाना होता: यापूर्वी झालेले अपघात. ह्यांनी तिथे शून्य लिहिलं होतं. क्लार्कने ते ह्यांच्यासमोर खोडलं, एक लिहिलं, आणि बाजूला ह्यांची सही घेतली.

"आता लवकर होईल," तो म्हणाला.

झालंच. पुढच्या आठवड्यात एका सकाळी चार माणसं आली, गरम डांबर ओतलं, रोलर फिरवला, पिवळे पट्टे मारले. दुपारच्या आत शिवणबाईंच्या दारात स्पीडब्रेकर तयार. आम्ही दोन महिने अर्ज करत होतो. शिवणबाई म्हणतात, आवाज होतो खरा, पण चालतं, तेवढीच जाग. पत्त्यांचा जोड त्यांनी माझ्याकडे परत पाठवला.

गाड्या तिथे थांबल्यासारखं करतात, धाडकन उतरतात, आणि उतरल्या की बुडालेला वेळ भरून काढायला आमच्या वळणापर्यंत दुप्पट पळतात. नर्स पायी जाते. आमच्या फाटकाशी आली की मान खाली घालते. ओळखीचं कुणी रस्त्यावरून हाक मारली तर हे मान हलवतात. हात वर करत नाहीत.

खुर्चीपुढे मी नवी चटई घातली. महिना झाला, आणली तशीच आहे.

आज सकाळी मी झाडू घेऊन गेले. "पाय उचला," म्हटलं. ह्यांनी दोन्ही पाय उचलले. तेवढ्यात तिकडे धाडकन आवाज झाला, आणि एक गाडी स्पीडब्रेकर उतरून जोरात आमच्याकडे आली. मी ह्यांच्या पायाकडे बघत राहिले. पाय होता तसाच अधांतरी राहिला. हे गाडीकडे बघतही नव्हते, माझं झाडून होण्याची वाट बघत होते. गाडी वळून गेली.

"झालं का?" हे म्हणाले.

"झालं," मी म्हटलं. त्यांनी पाय सावकाश खाली ठेवले. मला मात्र लगेच हलता येईना. झाडू हातात होता, आणि माझा उजवा पाय फरशीवर घट्ट दाबलेला होता.