कापलेल्या स्प्रिंगचं गाऱ्हाणं

मी एक स्प्रिंग बोलतेय. आता माझे दोन तुकडे आहेत, पण गाऱ्हाणं एकच आहे आणि ते ऐकल्याशिवाय कोणी उठायचं नाही.

यवतमाळच्या गुलाबसिंगांच्या लाल, दोन सीटांच्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या पुढच्या डाव्या चाकावर मी बसायचे. कारखान्यात मला तापवून वेढे दिले, तेलात विझवलं, पुन्हा बेतानं ऊब देऊन मुरवलं. तेव्हा कुठे वाकून परत उभं राहायचा गुण अंगी आला. पन्नास वर्षं दर खड्ड्याला मी दचकले, म्हणून वर बसलेले दचकले नाहीत.

गुलाबसिंगांनी ही गाडी कापसाच्या एका बंद जिनिंगच्या शेडमधून आणली. दर दिवाळीआधी ते स्वतः ब्रशनं माझी माती काढत, गंजावर रंग लावत, शॉकअपचे रबर बदलत. म्हणूनच राग जास्त. परक्यानं केलं असतं तर विसरले असते.

नागपूरला जुन्या गाड्यांचा मेळावा होता. गुलाबसिंगांनी मोबाइलवर जमिनीला टेकलेली एक गाडी पाहिली नि गॅरेजवाल्या शामला म्हणाले, "आपली काहून बकरीसारखी उभी हाय? वाघासारखी बसव."

"दीड वेढा कापून देतो, काका."

त्यांची मुलगी अंजू तिथंच होती. इंजिनिअरिंग शिकलेली, पण कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी. "बा, गॅसनं नका कापू. तिचं पाणी जाईन, लवचीकपणा जाईन. कमी उंचीची मागवता येते. महिना लागेन फक्त."

"मेळावा रविवारी हाय, छोरी."

शाम लोहाराच्या घरातला. "पाणी गेलं तर पाणी देऊ," तो म्हणाला. "आमच्या बुढ्यानं अख्ख्या गावाच्या इळ्यायले पाणी पाजलं."

त्यानं मला नि उजवीकडच्या जोडीदारणीला गॅसनं कापलं आणि माझं लालभडक टोक पाण्याच्या बादलीत बुडवलं. चर्र झालं. अहो, विळ्याला कापायचं असतं. मला वाकायचं होतं. टोक काचेसारखं कडक झालं, ठिसूळ झालं, आणि हे दोघं खूश.

रविवारी सकाळी बापलेक निघाले. पहिल्या वळणापासून मी टक्, टक् सांगत होते. अंजूनं सीटची कड घट्ट धरली.

"बा, डावीकून आवाज येऊन राह्यला."

"तुले तं भाकर उलटली तरी आवाज येते."

कळंबला चिंतामणीचं दर्शन झालं. अंजू म्हणाली, "जॅक लावून पाहू, दहाच मिनिटं."

"देवाच्या दारात गाडी उचलाची? लोक म्हणतीन, बिघडली."

ती गप्प बसली. तिच्या त्या गप्प बसण्याचाही मला राग आहे.

गावाबाहेरच्या गतिरोधकावर मी तुटले. डावा कोपरा धाडकन खाली बसला, चाक मडगार्डला घासलं, गाडी कडुनिंबाकडे ओढली गेली. अंजूनं हँडब्रेक खेचला. खोड तिच्या दारापासून वीतभर राहिलं.

गुलाबसिंग उतरले, वाकून मला पाहिलं आणि म्हणाले, "मालच खराब निघाला."

पन्नास वर्षांची ही पावती.

 अंजूनं डिकीतून कानस काढली. कापलेल्या टोकावर घासली तर कानस नुसती घसरली. दुसऱ्या तुकड्यावर घासली तर बारीक चुरा पडला.

"हे तिचं मूळचं पाणी, बा," ती म्हणाली. "अन् हे टोक तुमचं."

त्यांनी कानस घेतली. स्वतः दोनदा घासून पाहिलं. मग झाडाकडे पाहिलं, तिच्या दाराकडे पाहिलं, आणि रस्त्याच्या कडेला खालीच बसले. नागपूर राहिलं.

महिनाभर थांबून मापाच्या दोन नव्या स्प्रिंगा आल्या. आता मी शामच्या गॅरेजात, गॅस कटरच्याच खिळ्याला टांगलेली आहे. अंजूनं टांगलं. कटर घ्यायचा तर आधी मला काढावं लागतं.

गाडी खाली बसवायची हौस असेल तर मापानं मागवा, थांबा. आणि शेजारी बसलेलं कोणी म्हणालं, आवाज येतोय, तर हसू नका. उतरा आणि पाहा.

मी शामला माफ केलेलं नाही. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, "हे भंगार कायले लटकवलं?" आणि मला काढून कोपऱ्यात फेकलं. शामनं हातातलं काम सोडलं, मला उचललं, फडक्यानं पुसलं आणि पुन्हा त्याच खिळ्याला लावलं.